हजार वाचक एकदम आले तर? स्वस्त होस्टिंग घेण्याआधीचा हिशेब

दहावीचा निकाल लागतो किंवा पोलीस भरतीची जाहिरात येते, आणि एरवी दिवसाला दोन-तीन हजार वाचक सांभाळणारी वर्डप्रेसची साइट दहा मिनिटांत आडवी होते. होस्टिंगवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: मोठा प्लॅन घ्या. बातम्या, भरती, निकाल अशा साइटना तो बहुधा लागत नाही. पण ते कळायला आधी कागदावर थोडी आकडेमोड करावी लागते.

'एकाच वेळी हजार लोक' याचा सर्व्हरच्या भाषेत काहीच अर्थ होत नाही. गुगल अॅनालिटिक्सच्या रिअलटाइम पानावर दिसणारा 'गेल्या ३० मिनिटांतला' आकडा तर मुळीच धरू नका, त्यातले बरेचजण कधीच निघून गेलेले असतात. सर्व्हरला कळतं ते सेकंदाला किती पानं मागितली गेली एवढंच. खरोखर हजार माणसं वाचत बसली आहेत आणि प्रत्येकजण ४० सेकंदांनी नवं पान उघडतो असं धरा. म्हणजे सेकंदाला २५ पानं. वर्डप्रेसला एक पान शून्यातून तयार करायला प्रोसेसरचा साधारण ०.३ सेकंद लागला, तर २५ गुणिले ०.३, म्हणजे साडेसात कोअर (प्रोसेसरचे गाभे) सतत जुंपलेले हवेत. सतत जुंपता येतील असे एवढे कोअर स्वस्तात सहसा मिळत नाहीत.

आता यातली ९५ टक्के पानं कॅशमधून, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून गेली असं समजा. पीएचपीपर्यंत (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) सेकंदाला सव्वा पान पोचेल आणि अर्धा कोअरही पुरा लागणार नाही. सगळा स्वस्तपणा या एका आकड्यात आहे. म्हणून प्लॅन बघताना पहिला प्रश्न: इथे पूर्ण पानाची कॅश कुठे आणि कशी चालते?

शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) घ्यायचं असेल तर लाइटस्पीड हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर असलेलं घ्या. त्याचं कॅश प्लगिन फुकट आहे आणि तयार पान पीएचपीला न उठवता थेट सर्व्हरवरूनच जातं. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर साध्या कॅश प्लगिननेही काम भागतं, पण ते पान पीएचपीमार्फत देतं की थेट फाइल म्हणून, हे सेटिंगमध्ये तपासा. थेट फाइलचा पर्याय निवडा.

'अमर्याद' या शब्दाकडे दुर्लक्ष करा. अमर्याद असते ती जागा, तीही कागदावर. खरी मर्यादा वेगळ्याच ठिकाणी असते आणि ती चॅटवर सरळ विचारता येते: एन्ट्री प्रोसेस किती, कोअर किती, रॅम किती, डिस्कचा वेग किती, फाइलींची कमाल संख्या किती. क्लाउडलिनक्स (शेअर्ड सर्व्हरवर प्रत्येक खात्याला मर्यादा घालणारी प्रणाली) वापरणाऱ्या कंपन्यांकडे हे आकडे प्रत्येक प्लॅनला ठरलेले असतात. सांगायला टाळाटाळ झाली तर तिथे घेऊ नका. एन्ट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी पीएचपीच्या दारातून आत असलेल्या विनंत्या. २० ऐकायला बरे वाटतात, पण प्रोसेसर दमला की अर्ध्या सेकंदाचं पान तीन सेकंदांवर जातं, आतले बाहेर पडत नाहीत, आणि एकविसाव्याला '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड' असं पान दिसतं. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) 'रिसोर्स युसेज' उघडलं की कोणती मर्यादा किती वेळा फुटली ते कळतं. प्लॅन बदलण्याआधी ते पान बघाच. नाहीतर पैसे जागेसाठी मोजले जातात आणि अडचण प्रोसेसरचीच राहते.

व्हीपीएसवर (एका सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा केलेला भाग) मोकळीक जास्त, पण सर्व्हरची देखभालही आपल्याच गळ्यात. ती जमणार असेल तर २ जीबी रॅम आणि १ ते २ कोअर ही कॅश असलेल्या साइटसाठी चांगली सुरुवात. इथे सर्वांत जास्त चुकते ती पीएचपी प्रोसेसची संख्या. २ जीबीतून ऑपरेटिंग सिस्टीम आणि एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला ४०० एमबी, मायएसक्यूएल या डेटाबेसला ५०० एमबी सोडा. उरलेल्या सुमारे ११०० एमबीला एका प्रोसेसच्या ६० एमबीने भागा: १८. सेटिंगमध्ये १५ ठेवा. 'गर्दी येणार' म्हणून तिथे ५० लिहिलं की रॅम संपते, लिनक्स सर्वांत जड प्रोसेस मारून टाकतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएलच असते. वाचकाला मग डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचा संदेश दिसतो आणि मालक डेटाबेस दुरुस्त करत बसतो. १ ते २ जीबीचं स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा, पण ते स्टेपनीसारखं: कायम त्यावर चालवायचं नाही.

स्वस्त व्हीपीएसचे कोअर शेजाऱ्यांबरोबर वाटलेले असतात. 'टॉप' या कमांडमध्ये 'एसटी' हा आकडा (तुमच्या वाट्याचा न मिळालेला वेळ) सतत ५-१० टक्क्यांच्या वर दिसत असेल, तर शेजारी तुमचा वाटा खातोय. सर्व्हर बदलून मागा. अॅमेझॉन लाइटसेलसारख्या ठिकाणी आणखी एक मेख आहे: तिथे प्रोसेसरचा पूर्ण वेग साठवलेल्या शिलकीवर मिळतो. दहा मिनिटांच्या गर्दीला तो पुरतो, निकालाच्या दिवसाला नाही. शिवाय लाइटसेलमध्ये मुंबई निवडली तर डेटाचा कोटा जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्मा मिळतो.

डेटाचा हिशेबही लगे हाथ करून टाका. पान २ एमबीचं असेल तर सेकंदाला २५ पानं म्हणजे ५० मेगाबाइट, म्हणजेच ४०० मेगाबिट. १०० मेगाबिटच्या पोर्टवर (सर्व्हरच्या नेटवर्क जोडणीवर) ते मावतच नाही, मग प्रोसेसर रिकामा बसला असला तरी साइट रांगतच चालते. चित्रं वेबपी या हलक्या प्रकारात बदलून पान ५०० केबीवर आणा. त्याहून सोपं म्हणजे साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरचा (साइटच्या प्रती स्वतःच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) फुकट प्लॅन लावा. चित्रं, सीएसएस, स्क्रिप्ट यांचा भार तो उचलतो. मात्र पानाचं एचटीएमएल तो आपणहून साठवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्यासाठी कॅश रूल लिहावा लागतो, आणि त्यातून लॉगिन केलेले वाचक व अॅडमिनची पानं वगळावी लागतात. ती वगळली नाहीत तर एकाचं खातं दुसऱ्याला दिसू शकतं.

कॅश लावूनही सर्व्हर दमत असेल तर दोन ठिकाणी बघा. फेसबुकवरून आलेल्या दुव्याला 'एफबीक्लिड' नावाचं शेपूट असतं आणि ते दर क्लिकला वेगळं असतं, त्यामुळे कॅशला प्रत्येक वाचक नवीन पान मागतोय असं वाटतं. कॅशच्या सेटिंगमध्ये हे शेपूट आणि वाचक कुठून आला ते सांगणारी 'यूटीएम'ची सगळी शेपटं दुर्लक्षित करा. दुसरं, एखादं मतदानाचं किंवा पॉपअपचं प्लगिन प्रत्येकाला कुकी (ब्राउझरमधली छोटी खूण) चिकटवतं आणि कॅश मुकाट्याने बंद पडते. पानाच्या हेडरमध्ये 'हिट' (कॅशमधून आलं) येतंय की 'मिस', हे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये खाजगी विंडोतून तपासा.

वाचक महाराष्ट्रातले असतील तर सर्व्हर मुंबई किंवा बंगळूरचा घ्या. सिंगापूरही चालेल. अमेरिकेतल्या सर्व्हरला एका फेरीलाच २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा जास्त लागतात.

किमतीत पहिल्या वर्षाचा आकडा बघू नका. नूतनीकरणाचा दर, त्यावर १८ टक्के जीएसटी, बॅकअपचे वेगळे पैसे आणि व्हीपीएसवर सीपॅनेल हवं असेल तर त्याचं परवानाशुल्क, एवढं मिळून तीन वर्षांची बेरीज करा. सुरुवातीला महिन्याच्या बोलीवर घ्या, परीक्षा झाल्यावर वर्षाचे भरा.

परीक्षा म्हणजे लोड टेस्ट, मुद्दाम गर्दी पाठवून बघणं. त्यासाठीचं केसिक्स किंवा अपाचे बेंच हे साधन दुसऱ्या सर्व्हरवरून चालवा. घरच्या वायफायवरून केलं तर मोजलं जाईल ते तुमचंच इंटरनेट. आधी एकावेळी १०, मग २५, मग ५० जोडण्या, प्रत्येक टप्पा पाच मिनिटं. मुख्य पानाबरोबर एखादा जुना लेख आणि शोधाचं पानही तपासा, कारण शोध सहसा कॅशमध्ये नसतो. सरासरी वेळेपेक्षा सर्वांत सुस्त ५ टक्के विनंत्या बघा. शेअर्ड होस्टिंगवर आधी कंपनीला कळवा, नाहीतर हल्ला समजून खातं बंद होतं.

ऑनलाइन सराव परीक्षा किंवा दुकान असेल तर हे गणित वेगळं. प्रत्येकजण लॉगिन करून असतो, पूर्ण पानाची कॅश तिथे लागू पडत नाही. रेडिस (डेटाबेसची उत्तरं रॅममध्ये साठवणारं साधन) लावून डेटाबेसचा ताण कमी करता येतो, पण शेवटी कोअर लागतातच. ते वर्षभर विकत ठेवू नका. तासावर पैसे घेणाऱ्या कंपनीत परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त रॅम आणि कोअर वाढवा, डिस्क नको, कारण वाढवलेली डिस्क परत लहान करता येत नाही. बदल करताना सर्व्हर काही मिनिटं बंद राहतो, आणि पीएचपी प्रोसेसचा आकडा नव्या रॅमप्रमाणे हातानेच वाढवावा लागतो.