डबलसीट बसलं की गाडी मागून बसते? मागचा शॉकअप नीट कसा सेट करायचा

गॅरेजमध्ये जाऊन "वजन जास्त आहे, मागचं जरा हार्ड करून द्या" म्हटलं की ठरलेला कार्यक्रम असतो. पाना निघतो, दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेवर जातात, सीट हाताने दोनदा दाबून बघितली जाते आणि "झालं साहेब". तुम्ही गाडीवर बसलात का, मागे कोण बसणार, पेट्या लावणार का, काही विचारलं जात नाही. मग एकटे चालवताना प्रत्येक स्पीड ब्रेकरला मागून लाथ बसते आणि दोघं बसले की तरीही खड्ड्यात ठक्क.

मुळात प्रीलोड (खाच किंवा रिंग फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक होत नाही हे डोक्यात पक्कं बसवा. स्प्रिंग तीच राहते, १ मिलिमीटर दाबायला आधी जेवढं वजन लागत होतं तेवढंच नंतरही लागतं (ज्या स्प्रिंगमध्ये एका टोकाला वेटोळी जवळजवळ असतात तिथे थोडा फरक पडतो, पण मुद्दा तोच). प्रीलोड फक्त गाडी किती उंचीवर उभी राहणार ते ठरवतो. वजनदार माणूस बसला की मागची बाजू खाली जाते, शॉकअपची हालचाल निम्मी तिथेच संपते आणि खड्ड्यासाठी काही उरत नाही, म्हणून ठोका बसतो. शिवाय मागून बसलेल्या गाडीचं पुढचं चाक हलकं पडतं, घाटातल्या वळणावर गाडी बाहेर बाहेर जाते, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो ते वेगळंच. कंपनीचं सेटिंग साधारण ७०-७५ किलोच्या एकट्या माणसाला धरून केलेलं असतं, त्यामुळे ९५ किलोच्या माणसाने शोरूममधून आणलेली गाडी तशीच चालवली तर हे होणारच.

टायरची हवा डबलसीटच्या आकड्यावर भरा, तो आकडा चेन कव्हरच्या किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) स्टिकरवर असतो. शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसलं तर पुढचं काही वाचू नका, आधी तो बदला. मॅन्युअलमध्ये गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालेल तेही बघून घ्या, बऱ्याच १०० सीसी गाड्यांना ते १३० किलोच्या आसपास असतं, म्हणजे दोन भरभक्कम माणसं बसली की संपलं, तिथे कुठलाही पाना उपयोगाचा नाही.

आता मोजणी. माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच खाल्लं गेलंय आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. मोजायचं असतं ते सॅग, म्हणजे वजनाने गाडीची मागची बाजू किती खाली बसते ते. तीन आकडे लागतात: चाक पूर्ण लटकलेलं असताना, गाडी फक्त स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि तुम्ही बसल्यावर. मागच्या एक्सलच्या बरोबर वर, सरळ उभ्या रेषेत, बॉडीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पेनाने खूण करा आणि एक्सल ते खूण हे अंतर मोजा. मोजायचा टेप तिरका धरला की आकडा फसवा येतो. खूण प्लास्टिकच्या हलणाऱ्या भागावर नको, फ्रेमवर किंवा ग्रॅबरेलच्या बोल्टजवळ करा.

पहिल्या आकड्यासाठी गाडी डबल स्टँडवर घ्या, चाक हवेत फिरलं पाहिजे. डबल स्टँड नसेल तर एकाने गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचं चाक उचलायचं आणि दुसऱ्याने पटकन मोजायचं. पॅडॉक स्टँड इथे चालत नाही! तो स्विंगआर्मला खालून धरतो, म्हणजे गाडीचं वजन स्प्रिंगवरच राहतं, चाक लटकतच नाही, आणि तुम्ही आनंदाने चुकीचा आकडा लिहून घेता. व्हिडिओमध्ये भले भले असं करताना दिसतात.

दुसरा आणि तिसरा आकडा गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करून. न्यूट्रलमध्ये, मागचा ब्रेक सोडून, एकाने समोरून हँडल धरायचं. तुम्ही ज्या अवतारात खरंच चालवता त्या अवतारात बसा, जॅकेट, हेल्मेट, पाठीवरची सॅक, बूट, टाकीत पेट्रोल, आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर. पायाची बोटं जमिनीला टेकवून "बसलो ना" म्हणणारे खूप असतात, त्यांचं निम्मं वजन रस्त्यावर असतं. तिसरा माणूस मोजायला हवाच, स्वतः वाकून बघायला गेलात की वजन सरकतं.

आणि एक जागा जिथे हमखास गडबड होते. शॉकअप आणि बुश (सांध्यांत बसवलेल्या छोट्या नळ्या) ह्यांच्यात घर्षण असतं, त्यामुळे गाडी प्रत्येक वेळी वेगळ्याच उंचीवर येऊन थांबते, एकदा मोजलं की ५२, परत मोजलं की ५९, आणि माणूस वैतागून टेप फेकतो. उपाय सोपा आहे. सीट खाली दाबून हळू सोडा, गाडी जिथे येऊन थांबेल तिथे मोजा. मग मागून थोडी वर उचलून हळू सोडा, परत मोजा. दोन्हीची सरासरी हाच खरा आकडा. दोन्हीत फारच फरक येत असेल तर लिंकेज (शॉकअपला स्विंगआर्मशी जोडणारे सांधे) किंवा स्विंगआर्मचे बुश कोरडे पडलेत, आधी ग्रीस करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया.

आकडे आले की हिशोब. रस्त्यावरच्या गाडीला चालक बसल्यावरचा सॅग मागच्या चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वरखाली जेवढं हलू शकतं ते अंतर) ३० टक्क्यांच्या आसपास हवा, डबलसीट असताना ३५ पर्यंत चालतो. नुसत्या गाडीचा स्वतःचा सॅग ५ ते १० टक्के. समजा हिमालयन ४११ आहे, मागचा ट्रॅव्हल १८० मिलिमीटर, म्हणजे बसल्यावर साधारण ५४ हवेत. तुमचे आकडे आले लटकलेलं ६००, नुसती गाडी ५९०, तुम्ही बसल्यावर ५३०. म्हणजे सॅग ६०० वजा ५३०, ७०, हव्या त्यापेक्षा १६ जास्त. मोनोशॉकमध्ये (मागे एकच शॉकअप असतो) शॉकअप १ मिलिमीटर हलला की चाक साधारण अडीच-तीन मिलिमीटर हलतं, त्यामुळे रिंग ६ मिलिमीटर आवळली की १६ च्या आसपास फरक पडेल. छान. पण आता नुसत्या गाडीचा सॅग बघा. तो मुळात १० होता, त्यातून १६ गेले, म्हणजे शून्य, रिकामी गाडी शॉकअपच्या वरच्या टोकाला जाऊन चिकटली.

चालक बसल्यावरचा आकडा बरोबर आणि नुसत्या गाडीचा सॅग शून्य, ह्याचा अर्थ स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. उलटं वाटतं, मलाही हे पटायला वेळ लागला. मऊ स्प्रिंग आवळून आवळून तुम्ही उंची मिळवली, पण खड्ड्यात चाक खाली सोडायला जागाच ठेवली नाही, म्हणून स्पीड ब्रेकर उतरताना मागून टक्क आवाज येतो. अशा वेळी आणखी आवळत बसू नका, जाड स्प्रिंग घ्या. वेटोळ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात ते मला बिलकुल पसंत नाहीत, तेवढं वेटोळं काम करायचं थांबतं आणि त्याचा ताण बाकीच्यांवर येतो.

फिरवायचं काम त्यामानाने किरकोळ. दोन शॉकअपच्या गाड्यांना (स्प्लेंडरला ५ खाचा, नव्या क्लासिक ३५० ला ६) टूलकिटमधला सी-स्पॅनर (आकड्यासारख्या वाकड्या तोंडाचा पाना) लागतो, दोन्ही बाजू एकाच खाचेवर ठेवायच्या आणि एकेक खाच चढत किंवा उतरत जायचं, पाचवरून थेट एकवर उडी मारली तर शॉकअप खराब होऊ शकतो. मोनोशॉकच्या आटे असलेल्या रिंगला आधी ब्रश मारून माती काढा, थोडं तेल सोडा, लॉक रिंग सैल करा, मग फिरवा. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ठोकू देऊ नका, रिंग अ‍ॅल्युमिनियमची असली तर खाचा गोल होतात आणि मग कुठलाच पाना धरत नाही. किती फिरवली ते कळायला रिंगवर आधी नेलपॉलिशचा ठिपका लावा.

डबलसीटसाठी मागच्या माणसाला बसवून परत मोजा, अंदाज नको. चालकाचं वजन दोन्ही चाकांत वाटलं जातं, मागच्याचं जवळपास सगळं मागच्या चाकावर येतं, त्यामुळे ६० किलोची बायको मागे बसणं आणि तुम्ही स्वतः ६० किलोने जाड होणं ह्यात पहिल्याने शॉकअप जास्त दबतो (हे घरी सांगताना जपून). एक्सलच्याही मागे लटकणाऱ्या पेट्या त्याहून वाईट, त्या पुढचं चाक हलकं करतात. एकट्याची खाच आणि डबलसीटची खाच असे दोन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा आणि प्रवासाआधी दोन मिनिटं काढून बदला. रोज ऑफिसला एकटे जाणाऱ्याने वर्षातून दोन वेळच्या कोकण ट्रिपसाठी गाडी कायम शेवटच्या खाचेवर ठेवणं म्हणजे पाठीशी वैर.

रिबाउंडचा (दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा) स्क्रू असेल तर प्रीलोड वाढवल्यावर तोही एक-दोन क्लिक आवळा, नाहीतर दाबलेली स्प्रिंग सीट वर फेकते. बहुतेक कम्युटर गाड्यांना तो नसतोच.

शेवटी चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे बघा, मागची उंची बदलली की तीही बदलते, आणि दोघं बसल्यावर चेन अगदी ताठ झाली तर सैल करा. हेडलाइट भिंतीवर टाकून वजनासकट सेट करा. गाडी वर आली की साइड स्टँडवर जास्त कलते, उतारावर लावताना लक्ष ठेवा. स्प्रिंग बदललीत तर जुनी भंगारात देऊ नका, गाडी विकताना घेणारा ६५ किलोचा निघाला की तीच परत बसवावी लागते.