हिरव्या पाल्याचं चक्क्याचं डिप: तयारी आदल्या रात्रीपासून

पाहुणे संध्याकाळी सातला येणार असतील, तर हे डिप आदल्या रात्रीच सुरू करावं लागतं. कालवायला दहा मिनिटं पुरतात. बाकीचा सगळा वेळ जातो तो पाणी काढण्यात, आधी दह्यातलं आणि मग पाल्यातलं.

म्हशीच्या दुधाचं घट्ट दही एक किलो लागेल. टांगायच्या आधी ते चाखून बघा. आजच आंबट असेल तर उद्या आणखी आंबट होईल, त्यापेक्षा त्याची कढी करा आणि दुसरं आणा. चाळणीवर मलमलचं स्वच्छ कापड पसरायचं, ज्याला साबणाचा वास येत नाही असं. त्यात दही ओतून सैल गाठ मारायची, खाली खोल पातेलं ठेवायचं आणि सगळं फ्रीजमध्ये सरकवायचं. श्रीखंडासाठी आपण पुरचुंडी ओट्यावरच्या नळाला बांधतो, पण तिथे आंबटपणा सावरायला साखर असते. इथे ती नाही, म्हणून थंडावा हवाच. सकाळी साधारण 400 ग्रॅम चक्का हाताशी येतो. भरलेला चमचा उलटा धरला आणि चक्का पडला नाही, की झालं. खाली साठलेलं पाणी कणीक भिजवायला ठेवा.

पाला सकाळीच आणायचा आणि सकाळीच धुवायचा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. एकदा घाईत कोथिंबीर धुऊन निथळत होती तशीच चिरून घातली. तासाभरात वाडग्याच्या कडेने हिरवट पाणी सुटलं आणि रात्रभर टांगलेलं दही फुकट गेलं. तेव्हापासून मूठभर कोथिंबीर, शेपूची छोटी जुडी, पुदिन्याची दहा-बारा पानं आणि कांद्याच्या पातीच्या दोन काड्या सुती पंचावर पसरून पंख्याखाली ठेवते. पान हाताला चिकटेनासं झालं की ते कोरडं झालं असं समजायचं.

शेपूवर नाक मुरडणारे घरोघरी असतात, तरी तो वगळू नका. ग्रीक लोक त्झात्झिकीमध्ये, म्हणजे त्यांच्या दही-काकडीत, पुष्कळदा हाच पाला घालतात. साईच्या दह्यात त्याचा उग्रपणा मऊ होतो आणि मागे बडीशेपेसारखा गोडसर वास राहतो. फक्त दोऱ्यासारखी पानं खुडून घ्यायची. दोन मोठे चमचे पुरे, जाड देठ मुगाच्या डाळीबरोबर भाजीत जातील. पुदिना मात्र अगदी शेवटी चिरायचा, तोही धारदार सुरीने. बोथट सुरीखाली पान चिरडतं आणि काळं पडतं. मिक्सर बाहेर काढूच नका, त्यात चटणी होते आणि चक्काही सैल पडतो.

लसणाची एकच पाकळी चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात वाटून ठेवायची. दुसरी घालायचा मोह होईल, पण कच्चा लसूण मुरताना चढत जातो. अर्ध्या लिंबाची साल किसायची, फक्त पिवळा भाग, पांढरा कडू लागतो. दोन चमचे ताजी साय आणि थोडी मिरपूडही काढून ठेवा.

साडेपाचला चक्का पुरणयंत्रातून काढायचा, म्हणजे गुठळी राहत नाही. त्यात साय घोटायची, मग लसूण, लिंबाची साल आणि मिरपूड घालायची. पाला शेवटी, चमच्याने हलकेच उलटवत. झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि मिठाचा अंदाज त्यानंतरच घ्या, कारण थंड झाल्यावर चव बदलते.

बरोबर गाजर, मुळा, खाकरा, नाहीतर ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे. काकडी हवी असेल तर बिया काढून, लांब फोडी करून ताटलीतच ठेवा, डिपमध्ये किसू नका. उरलंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी गरम थालीपिठावर लोण्याच्या जागी घ्या.