गाठीशी काय उरलंय, ते आधी मोजा

एका सकाळी उठले तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मी ४२ वर्षांची होते. (असं कधी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, इथे उशीर महागात पडतो.) उपचारांनी थोडं परत आलं, बाकीचं गेलं ते गेलंच. पुढचे चार महिने मी काय गेलं याचीच उजळणी करत बसले. हाक कुठून आली ते कळायचं नाही, चौघं एकदम बोलायला लागले की नुसता गलका. मग एक वही घेतली. तुमच्यावर वेगळं काही कोसळलं असेल, तरी ही वही उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

समोरासमोरची दोन पानं उघडा. डावीकडे लिहा, माझ्यात काय आहे. ‘मी खंबीर आहे’ असलं काही नको, पुरावा लिहा. मी लिहिलं होतं : ‘बाबा आजारी असताना सहा महिने नोकरी आणि दवाखाना दोन्ही सांभाळलं.’ ‘हे मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः काही करून दाखवल्यावर, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. म्हणून पानाखाली या आठवड्यात जमेल असं एक छोटं काम लिहा. माझं काम होतं, मीटिंगला पाच मिनिटं आधी जाऊन सगळे उजव्या हाताला येतील अशी खुर्ची धरायची. तीनदा जमलं आणि पोटातला गोळा कमी झाला.

उजव्या पानावर माणसं. इथे घाई करू नका. नुसती नावं लिहून भागत नाही, कोण कशासाठी तेही लिहायचं. समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले : मायेचा, प्रत्यक्ष कामाचा, माहितीचा, आणि आपण कुठे आहोत ते आपल्याला खरेपणानं सांगणारा. माझी ताई ऐकून घेते, मध्ये बोलत नाही. ऑफिसातली मैत्रीण मीटिंगची टिपणं काढून देते. माहिती मिळाली ती जेमतेम दोनदा भेटलेल्या एका बाईंकडून, त्यांचाही एकच कान चालतो. तेव्हा पानावर दूरच्या ओळखीही येऊ द्या. जवळच्यांना बहुधा आपल्याइतकंच माहीत असतं.

हे प्रकार ठाऊक नव्हते तेव्हा नवऱ्याशी माझे फार खटके उडाले. मी रडत सांगायचे आणि तो श्रवणयंत्रांची माहितीपत्रकं पुढे ठेवायचा. तो मदतच करत होता, पण मला हवी होती ती नव्हे. आता मी आधीच सांगते, “आज फक्त ऐक.” मागताना नेमकं मागा. “लागलं तर सांगेन” म्हटलं की आपण सांगत नाही. “उद्या अकराच्या मीटिंगला माझ्या उजवीकडे बसशील?” याला हो किंवा नाही म्हणता येतं.

आणि गळती थांबवा. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल यांनी १९८९ मध्ये मांडलेला सिद्धान्त सांगतो की मिळकतीपेक्षा तूट मनाला जास्त लागते, आणि एक तूट दुसरीला ओढून आणते. माझं तसंच झालं. गलक्याला घाबरून भेटी टाळल्या, मग फोन यायचे थांबले, मग झोप उडाली. म्हणून नवं काही जोडण्याआधी झोप, चालणं आणि आठवड्याची एक भेट, एवढं जपा. भेट बंद करू नका, लहान करा. मी अर्धा तास जायचे, दोघी-तिघींतच, शांत खोलीत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खचलेलं राहिलं, झोप-भूक गेली, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टर किंवा समुपदेशकांकडे जा. जगणं नको असा विचार आला तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच क्षणी कुणाला तरी सांगा.

दर तीन महिन्यांनी दोन्ही पानं नव्यानं लिहा, कारण माणसं हलतात. त्या मैत्रिणीची गेल्या महिन्यात बदली झाली. ‘कामाचा आधार’ समोरची ओळ सध्या रिकामी आहे. दोन नावं पेन्सिलीनं लिहून ठेवलीत, सोमवारी पहिलीला विचारणार आहे.