बारा जणी, नऊ फासे : घरी बंकोची संध्याकाळ कशी मांडावी

बंको हा तीन फाशांचा खेळ असून तो बारा जणींनी तीन टेबलांवर बसून खेळायचा असतो. अमेरिकेत मैत्रिणींच्या गटांनी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमून तो खेळण्याची रीत आहे. गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घोळक्यात तो एका मैत्रिणीच्या परदेशी राहणाऱ्या लेकीमुळे आला आणि रुजला. त्याचा गुण असा की त्यात कौशल्याला जागाच नाही. रमीत जिचा हात बसलेला असतो तीच पुन्हा पुन्हा जिंकते आणि नवशिकी दुसऱ्या वेळी यायला कचरते. इथे मात्र पंचाहत्तरीच्या मावशी आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून यांच्या हातातल्या फाशांची किंमत एकच. शिवाय दर फेरीला जोड्या मोडतात आणि जागा बदलतात, त्यामुळे दोन तासांत प्रत्येक जण बहुतेकींबरोबर एका टेबलावर बसून जाते. हे फिरणे कुठेही अडू न देणे हेच यजमानिणीचे खरे काम आहे, आणि पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

फासे म्हटले की काही घरांत कपाळाला आठी पडते, आणि ती समजून घ्यायला हवी. द्यूताने काय अनर्थ केला हे महाभारतापासून आपल्याला ठाऊक आहे, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या बोटी गोव्यात कोणालाच नव्या नाहीत, आणि बंको या शब्दाचाही अमेरिकेतल्या इंग्रजीत ठकबाजी असा अर्थ आहे. त्याच वेळी दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे आणि वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, हेही सांगता येते. पण वाद घालण्यापेक्षा पैसा दूर ठेवणे सोपे. गोव्यात सार्वजनिक जुगारासंबंधीचा कायदा १९७६ पासून आहे, आणि तो नसता तरी मैत्रिणींच्या बैठकीत पैसे लावण्याच्या मी विरुद्धच असते, कारण हरलेल्या पैशाची आठवण खेळापेक्षा जास्त दिवस टिकते. प्रत्येकीने खाण्यासाठी आणि बक्षिसांसाठी सारखी वर्गणी द्यावी, ती आधीच घ्यावी, आणि फाशावर एक रुपयाही लावू नये.

दिवस ठरवताना पंचांग उघडून बसावे. गणेश चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस, शिगम्याचे दिवस आणि कार्तिक-मार्गशीर्षात ज्या ज्या गावची जत्रा असेल तो दिवस टाळावा, कारण बारापैकी दोघी-तिघींचे माहेर किंवा सासर तिथे असणारच. शनिवारची दुपार आम्हांला सर्वांत सोयीची वाटते. रात्रीचा बेत मांडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या रात्री विरळ होतात, पावसाळ्यात अंधारातून स्कूटर चालवत जाणे धोक्याचे असते, आणि जिला घरी पोहोचण्याची काळजी लागली आहे तिचे लक्ष शेवटच्या डावात राहत नाही. चारला बसले की साडेसहाला उठता येते.

संख्या चारच्या पटीत हवी. आठ जणींत दोन टेबले होतात, सोळा जणींत चार, पण बारा ही मोजणी खेळाला शोभते, आणि नेमकी बारावी जण आयत्या वेळी येत नाही. अशा वेळी रिकाम्या खुर्चीला खेळाडू मानतात आणि तिच्या वाट्याचे फासे तिच्या समोरची भिडू टाकते. आम्ही त्या खुर्चीवर एक असोला नारळ ठेवतो. जिंकला की नारळ उचलून वरच्या टेबलावर न्यायचा, हरला की नियमाप्रमाणे त्याची जागा. यामुळे कोणती खुर्ची रिकामी आहे याचा घोळ होत नाही. दोघी आल्या नाहीत तर दोन नारळ चालतात, मात्र ते समोरासमोर येऊन एकमेकांचे भिडू होऊ लागले तर एकाची जागा शेजारणीशी बदलावी.

सामान थोडे लागते, पण त्यातल्या प्रत्येक वस्तूकडे नीट पाहावे. फासे नऊ, म्हणजे टेबलाला तीन, आणि जवळ तीन जास्तीचे. लुडोच्या डब्यातले इवलेसे फासे घेऊ नयेत. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्यांचे ठिपके दिसत नाहीत, आणि दर दानाला चष्मा वर-खाली करावा लागला की खेळाची लय जाते. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले, बोटाच्या पेराएवढे फासे उत्तम. टेबलावर जुने जाड पांघरूण दुहेरी घालून वर धुवट चादर ताणून बसवावी. उघड्या लाकडावर फासे नाचत खाली जातात आणि फरशीवर पडले की कपाटाखाली शोधावे लागतात. शिवाय तीन टेबलांचा खडखडाट एकत्र झाला की एकमेकींचे बोलणे ऐकू येत नाही. ज्यांच्याकडे तीन टेबले नाहीत त्यांनी एक बैठक जमिनीवर चटई घालून आणि मध्ये पाट ठेवून करायला हरकत नाही, पण दर फेरीनंतर जागा बदलायच्या असतात आणि गुडघे दुखणाऱ्यांना प्रत्येक वेळी खाली बसून उठणे जमत नाही, म्हणून जमत असेल तर शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणाव्यात. टेबलांच्या मधून दोघी समोरासमोर आल्या तरी निघून जाता येईल एवढी वाट ठेवावी. पावसाळ्यात वीज जाणारच असे धरून प्रत्येक टेबलाजवळ चार्ज केलेला दिवा असावा.

फेरी संपल्याची खूण मोठ्या आवाजाची आणि वेगळी असावी. पहिल्या खेपेला आम्ही रबरी भोंपू ठेवला होता. पाचच्या सुमारास दारावरून पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल गेली, त्याचा भोंपू वाजला, आणि दोन टेबलांवरच्या बायका फासे टाकून उठल्या; फेरी संपायला वरच्या टेबलावर एकवीस गुण व्हावे लागतात, आणि तेव्हा जेमतेम चौदा झाले होते. ती फेरी पुन्हा खेळावी लागली आणि एकीचा लागलेला बंको, म्हणजे तिन्ही फाशांवर हवा तोच आकडा, त्यात वाया गेला, याची चुटपुट मला आजही आहे. तेव्हापासून आम्ही पितळेचे ताट आणि पळी वापरतो. देवघरातली घंटा मात्र आणू नये, ती तिच्या जागी बरी.

आता खेळ. एका डावात सहा फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत सगळ्या जणी एक्के शोधतात, दुसरीत दुऱ्या, तिसरीत तिऱ्या, असे सहाव्या फेरीत छक्क्यांपर्यंत. समोरासमोर बसलेल्या दोघी एकमेकींच्या भिडू. तिन्ही फासे एकदम टाकायचे. फेरीचा आकडा जितके फासे दाखवतील तितके गुण, आणि एक जरी गुण मिळाला तरी तिनेच पुन्हा टाकायचे. दान रिकामे गेले की फासे डावीकडच्या शेजारणीला द्यायचे. तिन्ही फाशांवर फेरीचाच आकडा आला तर तो बंको, त्याचे एकवीस गुण. तिन्ही फासे सारखे पण आकडा दुसराच, तर तो छोटा बंको, त्याचे पाच गुण, आणि हात चालूच राहतो. नव्या खेळाडूंची चूक नेमकी इथे होते, म्हणून एक उदाहरण मोठ्याने करून दाखवावे. समजा, तिसरी फेरी आहे. तीन-पाच-तीन पडले : दोन गुण, पुन्हा टाका. चार-चार-चार पडले : तिरी एकही नसली तरी छोट्या बंकोचे पाच, एकूण सात, पुन्हा टाका. एक-सहा-दोन पडले : काही नाही, फासे पुढे द्या, पण आधीचे सात गुण तसेच राहतात. एवढे तीनदा पाहिले की कोणालाही नियम पुन्हा विचारावा लागत नाही. टेबलावरून खाली गेलेला फासा मोजावा की नाही यावर मतभेद होतात. आमच्याकडे तिन्ही फासे पुन्हा टाकायचे असा ठराव आहे. कोणताही ठराव करा, पण तो पहिल्या दानाच्या आधी करा.

तीन टेबलांपैकी एक वरचे, एक मधले आणि एक खालचे. वरच्या टेबलावरील एका जोडीचे एकवीस गुण झाले की ताट वाजते आणि सगळीकडची फेरी तिथेच संपते. जिच्या हातात फासे आहेत तिला तेवढा हात पूर्ण करू द्यावा. मधल्या आणि खालच्या टेबलांवर गुण एकविसाच्या पुढे गेले तरी ताट वाजेपर्यंत खेळत राहायचे, आणि बरोबरी झाली तर प्रत्येकीने एकेकदा फासे टाकून निकाल लावायचा. मग जागा बदलायच्या. वरच्या टेबलावर जिंकलेल्या तिथेच राहतात, हरलेल्या थेट खालच्या टेबलावर येतात. बाकीच्या दोन टेबलांवर जिंकलेल्या एक टेबल वर चढतात आणि हरलेल्या बसून राहतात. जी जोडी टेबलावर राहिली तिच्यातल्या एकीने एक खुर्ची बाजूला सरकायचे, म्हणजे दोघींनाही नवी भिडू मिळते. हे सरकणे विसरले की जुन्याच जोड्या टिकून राहतात आणि बंको खेळण्याचा हेतूच नाहीसा होतो, म्हणून यजमानिणीने स्वतः खेळत असतानाही पहिल्या दोन फेऱ्यांनंतर उठून तिन्ही टेबले पाहून यावीत. प्रत्येकीजवळ एक कागद असावा. त्यावर दर फेरीपुढे जीत की हार, आणि बंको लागला तर त्याची उभी रेघ, एवढेच लिहायचे.

बंको किती वेळा लागतो, असे हमखास विचारले जाते. तीन फाशांची २१६ दाने होतात, त्यांतले एकच बंकोचे, पाच छोट्या बंकोची. काही ना काही गुण देणारी दाने ९६, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी. तीन टेबलांवर मिळून एका डावात हजाराच्या आसपास दाने पडतात, तेव्हा चार-पाच बंको लागावेत असा अंदाज धरता येतो. कधी एकही लागत नाही आणि कधी एकाच फेरीत दोन टेबलांवरून ओरडा होतो. एक डाव पाऊण तासात उरकतो. दोन डाव पुरेत. तिसऱ्या डावाला हात चालतात पण मन उठलेले असते.

बंको लागलेलीने मिरवायची एखादी वस्तू ठेवण्याची पद्धत आहे. दुसरीला बंको लागला की ती वस्तू तिच्याकडे जाते, आणि अखेरीस जिच्याकडे उरेल तिला बक्षीस. आम्ही अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, ठेवतो, आणि तो केसांत माळायचा नाही, मनगटाला बांधायचा, असा नियम आहे. आमच्यात दोघी विधवा आहेत. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या काहीतरी निमित्त काढून घरी राहतात, आणि आम्ही ते निमित्त खरे मानत आलो, हे मला पटत नाही. बंकोच्या बैठकीत तसा प्रसंग येऊ नये म्हणून फूल डोक्यावरून हातावर आणले. पहिल्यांदा त्यांच्यातल्या एकीला बंको लागला तेव्हा तिने हात मागे घेतला. तिच्या भिडूने, जी तिच्या निम्म्या वयाची होती, काही न बोलता दोऱ्याची गाठ मारली, आणि पुढचे दान टाकायला फासे तिच्या ओंजळीत ठेवले. आपल्या घरची बैठक मांडताना कोणत्या पद्धतीमुळे कोणाला अवघडल्यासारखे होईल, याचा विचार खाण्याच्या यादीआधी करावा.

खाणे दोन डावांच्या मध्येच वाढावे. तेलकट बोटांतून फासे निसटतात आणि चादरीवर, कागदांवर डाग पडतात, म्हणून भजी किंवा बन्स टेबलावर ठेवूच नयेत, खाण्याची जागा वेगळी असावी. पोदेराकडून ताजे पाव घ्यावेत आणि त्यांच्याबरोबर पातळ भाजी करावी, कारण ती आधी करून ठेवता येते आणि यजमानिणीला स्वयंपाकघरात अडकून पडावे लागत नाही. सोमवार, श्रावण किंवा मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर उपवासाचे वेगळे करावे लागते. टेबलाजवळ कोकमाचे सरबत चालेल, पण पेले शेजारच्या स्टुलावर ठेवावेत.

बक्षिसे चार पुरतात : सर्वांत जास्त जिती, सर्वांत जास्त बंको, शेवटी वळेसर जिच्या हातावर राहिला ती, आणि सर्वांत जास्त हारी. हे शेवटचे कधीही गाळू नये. वस्तू उपयोगाची असावी : काजूगरांची पुडी, काणकोणकडची खोला मिरची, मे महिन्यात चार मानकुराद आंबे. नारळाला बक्षीस आले तर ते त्याच्याऐवजी फासे टाकणाऱ्या सगळ्यांत वाटावे.

उठण्याआधी नऊ फासे मोजून घ्यावेत आणि मगच चादरी झटकाव्यात, कारण हरवलेला फासा बहुतेक वेळा पांघरुणाच्या घडीत सापडतो. पुढची यजमानीण त्याच वेळी ठरवावी आणि फासे, ताट-पळी व कोरे कागद एका पिशवीत घालून तिच्याकडे द्यावेत. असोला नारळही तिच्याबरोबर जातो. सालीसकट असल्यामुळे तो पुढच्या महिन्यापर्यंत सहज टिकतो.