महापालिकेतल्या माजी सभासदाची (नगरसेवकाची) शोकसभा: तयारीचं टिपण

बातमी कळली की पहिला फोन हॉलला लावू नका, आधी घरी जाऊन या. तारीख घरच्यांनी सांगायची, दहाव्याच्या आत की तेराव्यानंतर, तेही त्यांनीच. त्याच भेटीत नावाआधी कोणता शब्द चालेल तेही हळूच विचारून घ्या. आपल्याला सवयीनं ‘कैलासवासी’ लिहायची खोड आहे. पण बौद्ध घरात ‘कालकथित’ म्हणतात, मुसलमान घरात ‘मरहूम’. काही ठरत नसेल तर ‘दिवंगत’ लिहा, ते कुठेही खटकत नाही.

फोटो घरातूनच आणा. मागच्या एका सभेत घाई झाली म्हणून आम्ही निवडणुकीच्या पत्रकातला फोटो मोठा करून आणला होता. हात जोडलेले, गळ्यात उपरणं आणि उपरण्यावर अर्धं कापलेलं पक्षचिन्ह. सर्वपक्षीय सभा म्हणून बोलावलेली माणसं त्या अर्ध्या चिन्हाकडे बघत बसली. वहिनींनी नंतर कपाटातून काढून दाखवला तो फोटो ओट्यावर बशीतून चहा पितानाचा होता. तोच लावायला हवा होता.

आता माहितीचा कागद. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या प्रभागाच्याच होतात. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा आणि २०१७ ला चौघांचा. म्हणजे चारही वेळा निवडून आलेल्या माणसाचा प्रभाग क्रमांक, हद्द आणि जोडीदार दर वेळी बदललेले. ‘प्रभाग क्रमांक अमुकचे नगरसेवक’ एवढंच लिहिलं तर तीन वेळा खोटं ठरतं. पेठेचं किंवा वस्तीचं नाव लिहा, वर्षं लिहा. कामांचं म्हणाल तर ‘यांच्या संकल्पनेतून’ असं लिहिलेल्या बाकांची मोजदाद नको. ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकाच्या वाट्याच्या निधीतून, बाकं सगळ्यांनीच बसवली आहेत. त्यांनी भांडून आणलेलं एखादंच काम सांगा, पण कुठल्या गल्लीत, कोणत्या वर्षी ते नेमकं सांगा.

शोकप्रस्तावाचं वेगळं बघावं लागतं. सभागृह अस्तित्वात असेल तर गटनेत्यांनी नगरसचिवांकडे आदल्या दिवशीच मजकूर द्यावा. मुख्य सभेत सगळे उभे राहतात, श्रद्धांजली होते, कोणीतरी सभा तहकूब करायची सूचना मांडतं, दुसरा अनुमोदन देतो. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढे प्रशासकाच्या काळात जे सहकारी गेले त्यांच्या वाट्याला हेही आलं नाही, कारण उभं राहायला सभागृहात कोणी नव्हतंच. त्यांच्या सभा आपणच एस. एम. जोशी सभागृहात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये घेतल्या. प्रस्ताव मंजूर झाला तर ठरावाची प्रत पोस्टानं पाठवू नका, दोघांनी घरी नेऊन द्या.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाच असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह (जाहिरात फलकांच्या) विभागाची परवानगी काढा. आयुष्यभर अनधिकृत फ्लेक्सवर सभागृहात बोललेल्या माणसाला विनापरवाना खांबावर टांगणं बरं दिसत नाही. आणि खाली शोकाकुल म्हणून आपले चाळीस चेहरे नकोत.

बोलणारे आठ, प्रत्येकी तीन मिनिटं. गेलेल्या सभासदाकडून निवडणूक हरलेला उमेदवार असेल तर त्याला आग्रहानं बोलवा आणि पहिल्या तिघांत ठेवा. बहुतेक वेळा तोच सगळ्यात खरं बोलतो. आपल्यापैकी दोघांनी जागा सोडावी: एक पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला, एक झाडणकाम करणाऱ्या ताईंना. पहाटे साडेपाचला त्यांचा फोन कुणाला यायचा, ते या दोघांना माहीत असतं. वारस कोण, जागा कुणाला, हा विषय माईकवर नको. पार्किंगमध्ये होणारच आहे, तो थांबवणं आपल्या हातात नाही. व्यासपीठावर फक्त फोटो, आपण सगळे खाली. मंत्री उशिरा आले तर बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही.

मौनासाठी घड्याळ घेऊन एक माणूस नेमा. मी मोजलंय, आपली दोन मिनिटं पस्तीस सेकंदांत संपतात, कारण पुढच्या रांगेतला कोणीतरी चुळबुळ करतो आणि सगळे बसतात.

बाकी किरकोळ: एक हार, ताटात सुटी फुलं, समईला आडोसा, पाण्याचे जग, मागच्या बाजूला ज्येष्ठांसाठी हात टेकायच्या खुर्च्या. निर्माल्य कलशात टाका. फोटो मात्र टेम्पोत खुर्च्यांबरोबर चढवू नका, काच तडकते. कोणीतरी मांडीवर घेऊन त्यांच्या घरी पोचवा.