हेडफोनचा आवाज मधेच जातोय? नवी केबल मागवण्याआधी या चुका टाळा

कायमचा बंद पडलेला हेडफोन परवडला. अधूनमधून बंद पडणारा मात्र डोक्याला ताप, कारण आपण तपासायला बसलो की तो नेमका व्यवस्थित वाजतो. मग कंटाळून माणूस नवी केबल घेतो, पुढे नवा डॅक (डिजिटल गाण्याचं ऐकण्याजोग्या संकेतात रूपांतर करणारं यंत्र) घेतो, आणि तक्रार जिथल्या तिथेच राहते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज कसा जातो हे न ऐकताच हात लावणं. एकाच कानातला आवाज जात असेल, तर दोष बहुतेक वेळा डॅकच्या पुढे, म्हणजे डॅकपासून निघणारी आरसीए केबल, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प, जॅक, हेडफोनची वायर यांपैकी कुठेतरी असतो. डिजिटल बाजूला डावा-उजवा आवाज एकाच प्रवाहातून येतो, त्यामुळे तिथे काही बिघडलं की सहसा दोन्ही कान एकदम गप्प होतात. (दोन सुटे वायरलेस इअरबड असतील तर हा नियम चालत नाही.) आवाज वाढवला की गेलेला कान परत येतो, पुन्हा कमी केला की जातो, असं होत असेल तर रिलेच्या (आतला, आवाजाचा मार्ग जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा जॅकच्या संपर्कावर ऑक्साइडचा थर चढल्याचा संशय घ्या.

आणखी एक लक्षण लोक हमखास चुकीचं वाचतात. गाणं चालू असतं, वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा किंवा जवळजवळ नाहीसा. लगेच इक्वलायझर, अ‍ॅप, फाइल यांच्यावर खापर फुटतं. खरं तर बहुधा ग्राउंड, म्हणजे परतीच्या मार्गाचा सामाईक जोड, तुटलेला असतो. ३.५ मिमीच्या साध्या प्लगमध्ये टोक डाव्या कानाचं, मधली रिंग उजव्याची आणि मागचा भाग दोघांचा सामाईक ग्राउंड. तो सुटला की दोन्ही बाजूंमधला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच मिसळलेला असल्यामुळे तोच आधी गळतो. प्लग पूर्ण आत गेलाय का आणि ६.३५ मिमीच्या अ‍ॅडॅप्टरचे आटे सैल झालेत का, हे आधी बघा.

दुसरी चूक, एकाच वेळी चार गोष्टी बदलणं. त्यापेक्षा आवाज कमी करून, अ‍ॅम्पच्या मागे लावलेल्या डाव्या-उजव्या आरसीए पिनांची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या कानात गेला, तर तो डॅकमध्ये किंवा त्या केबलमध्ये आहे. त्याच कानात राहिला, तर अ‍ॅम्प, त्याचा जॅक किंवा हेडफोन. मग दुसरा हेडफोन लावला की उरलेला प्रश्न निम्म्यावर येतो. एक बदल केल्यावर पुरेसा वेळ थांबा, ही यातली अवघड गोष्ट. प्लग काढून घातल्यानेच संपर्कावरचा थर थोडा खरवडला जातो आणि आवाज काही दिवस छान चालतो. त्याला दुरुस्ती समजू नका. त्यावरून फक्त दोष त्या सांध्यापाशी असावा एवढंच कळतं.

वायर तपासताना अख्खी हलवू नका, काहीच कळत नाही. मोनो आवाजातली बातमी किंवा भाषण हळू आवाजात लावा आणि प्लगपासून सुरुवात करून दोन-तीन सेंटीमीटर वायर चिमटीत धरून हलकेच वाकवत पुढे जा. तुटलेली जागा बहुधा प्लगमधून वायर बाहेर येते तिथेच किंवा कानाच्या कपाजवळ सापडते. दोन्ही कपांना सुट्या वायरी असतील तर त्यांचीही अदलाबदल करा. दोष वायरीबरोबर सरकला नाही, तर दोष कपातच आहे, बहुधा सॉकेट ढिला आहे.

जॅकमध्ये घरातलं वंगणाचं तेल फवारणं किंवा सँडपेपर घासणं हा उद्योग करू नका. तेलावर धूळ बसते आणि घासल्याने मुलामा जातो. वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पूर्ण वाळू द्या. व्हॉल्यूमचा खडखडणारा पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) वीज बंद असताना पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी कधी कधी सुधारतो. अगदी कमी आवाजात एक कान हळू वाटणं हा मात्र बिघाड नव्हे. पॉटचे डाव्या-उजव्या कानाचे दोन ट्रॅक तळाशी तंतोतंत जुळत नाहीत. गेन (आवाज किती पट वाढवायचा ती सेटिंग) कमी करून नॉब वर आणा.

दोन्ही कान क्षणभर गप्प होऊन आपोआप परत येत असतील, तर संगणकाकडे वळा. यूएसबी ऑडिओत हरवलेला डेटा पुन्हा पाठवला जात नाही; वेळेवर आला नाही की तिथे खाच पडते. डॅक हबमधून काढून थेट पोर्टला लावा, यूएसबीची वीजबचत बंद करा, बफर (पुढचा आवाज आधीच साठवून ठेवायची जागा) वाढवा. विंडोजवर लेटन्सीमॉन हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवला तर कुठला ड्रायव्हर अडवतोय याचा अंदाज येतो. प्रत्येक गाण्याचा फक्त पहिला क्षण कापला जात असेल, तर तो बहुतेक डॅकच्या म्यूटचा किंवा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) बदलण्याचा परिणाम. ब्लूटूथवर असाल तर एलडॅकचा (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) दर ९९० वरून ३३० केबीपीएसवर आणून बघा, आणि चालू असलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क रिसीव्हरपासून लांब ठेवा. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोहोचतो.

एक धोक्याची चूक. बॅलन्स्ड आउटपुटला (जिथे प्रत्येक कानाची निगेटिव्ह तार वेगळी असते) साध्या ३.५ मिमीचा अ‍ॅडॅप्टर लावू नका. दोन्ही बाजूंच्या निगेटिव्ह तारा एकमेकींना जोडल्या जातात आणि अ‍ॅम्प संरक्षणासाठी बंद पडतो, कधी जळतोही.

वायर प्लगपाशीच तुटली असेल तर तीन-चार सेंटीमीटर कापून नवा प्लग लावता येतो. आतल्या बारीक तारांवर बऱ्याचदा वार्निश असतं. सोल्डरच्या उष्णतेने ते जाळल्याशिवाय जोड पकडत नाही. मल्टीमीटर लावून, वायर हलवत प्रत्येक संपर्क तपासा आणि मगच कव्हर फिरवा. ते कव्हर सोल्डर करण्याआधीच वायरीत ओवून ठेवायचं असतं, हे बहुतेकांना सोल्डर झाल्यावर आठवतं.