मिस्त्रीला दिलेले दहा हजार नक्की कशाचे होते?

मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येणार म्हणून वडिलांनी सागवानाचा झोपाळा करायला सांगितला. आम्ही अमळनेरचे, मिस्त्री ओळखीतलाच, त्यामुळे कागद वगैरे काही नाही, "जवळपास २८ होतील" तो म्हणाला आणि वडिलांनी दहा हजार हातात ठेवले. तारखेचं विचारलं तर "व्हई जाई ना भाऊ". झालं, एवढाच आमचा करार.

तीन आठवड्यांनी तो परत आठ हजार मागायला आला आणि घरात भडका उडाला, की दहा घेतले आणि अजून रंधासुद्धा मारला नाही. त्याचं म्हणणं असं की दहा हजार त्याच दिवशी संध्याकाळी वखारीत गेले, लाकूड घेतलं, त्याच्या हाताला एक रुपया लागलेला नाही. दोघंही खरं बोलत होते. आम्ही दिले ते मजुरीचा ॲडव्हान्स म्हणून, त्याने घेतले ते लाकडाचे पैसे म्हणून.

म्हणून फर्निचर, देव्हारा, झोपाळा, काहीही बनवायला देताना पैसे काढायच्या आधी विचारा, की भाऊ हे पैसे कशाचे? लाकडाचे असतील तर मी तर म्हणतो स्वतः वखारीत सोबत जा, लाकूड बघा, पैसे थेट तिथे द्या आणि बिल आपल्या नावावर घ्या. (बिल नसलेलं स्वस्त सागवान कुणी दाखवलं तर लांब राहा, सागवानाच्या वाहतुकीला परवाना लागतो, नंतर लफडं नको.) आणि काम मोडलं तर काय, हे पण त्याच वेळी बोला. कापलेलं लाकूड वखारवाला परत घेत नाही, मग ते पैसे मिस्त्री कुठून देणार?

इसार आणि ॲडव्हान्स आपण एकच समजतो पण कोर्टात फरक पडतो. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची रक्कम, आपण शब्द मोडला तर ती जाऊ शकते, आणि ॲडव्हान्स किमतीतलाच भाग असेल तर नुसता सौदा मोडला म्हणून तो जप्त करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये घराच्या एका सौद्याच्या केसमध्ये हेच सांगितलंय. त्यामुळे जीपेच्या नोटमध्ये "ॲडव्हान्स" एवढंच टाकू नका, "झोपाळ्याच्या लाकडासाठी" असं लिहा.

आता माप, कारण खरं भांडण इथेच होतं. सागवान घनफुटावर मिळतं. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. दीड इंच जाड, आठ इंच रुंद, सहा फूट लांब फळी म्हणजे ७२ भागिले १४४, अर्धा घनफूट. मी शहाणपणा करून तयार झोपाळ्याच्या फळ्या टेपने मोजल्या. सव्वा इंच जाडी, साडेसात रुंदी, हिशोब आला ०.३९. म्हटलं झाली ना चोरी, पाचवा हिस्सा गायब! मिस्त्रीने काही न बोलता कोपऱ्यातलं भुसा-ढलप्यांचं पोतं माझ्यापुढे ओतलं. रंधा मारल्यावर जाडी-रुंदी कमी होणारच, वखारवाला पैसे घेतो ते रंध्याआधीच्या मापाचे. मी इतका ओशाळलो की चहा सांगायला बाहेर पळालो. तर दर ठरवताना विचारा की माप वखारीतलं की तयार मालाचं, आणि उरलेले तुकडे कुणाचे. हा तुकड्यांचा प्रश्न चिल्लर वाटतो पण सागवान आहे ते, त्यावरून बोलणी बंद झालेली घरं मी पाहिलीत.

"जवळपास २८" चे शेवटी ३७ झाले. पितळी साखळ्या सहा हजार, पॉलिश अडीच, टेम्पो आणि हमाली पाचशे. यातलं त्याने काहीच लपवलं नव्हतं, आम्हीच विचारलं नव्हतं. नगावर भाव सांगितला की लगेच विचारायचं, यात काय काय धरलंय, नक्षी, बिजागरी, पॉलिशचे हात किती, स्लॅबला हूक कोण मारणार. रोजीवर काम असेल तर अंदाजे किती दिवस. आणि मध्येच बदल करायचा मोह आवरा, आईने फळ्या कापून झाल्यावर "अर्धा फूट लांब करता येईल का" विचारलं होतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

तारखेबद्दल एकच, आपल्याकडे लाकूड ओलं असेल आणि घाईत काम केलं तर वैशाखातल्या उन्हात फळी फाटते, म्हणून तो वाळायला वेळ मागत असेल तर द्या. काम महिना-दोन महिने आधी सांगा.

आता आम्ही कुठलंही काम दिलं की घरी येऊन व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाकतो:

"भाऊ, आज ठरलं ते असं. झोपाळा ५ फूट बाय २, सागवान. लाकूड वखारीच्या मापाने, पैसे आम्ही तिथेच देऊ. मजुरी १२ हजार, तीन हजार सांगाडा उभा राहिल्यावर, सात फिटिंगला, दोन पॉलिश वाळल्यावर. साखळ्या आमच्या. बदल झाला तर आधी भाव सांगा. बरोबर आहे ना?"

तिकडून नुसता अंगठा आला तर फोन करून "वाचलं ना" विचारा, बरेच मिस्त्री न वाचताच अंगठा टाकतात. कुणी जीएसटी लावत असेल तर नंबर मागा, नंबर नसेल तर लावता येत नाही. आणि अगदीच कुणी पैसे घेऊन गायब झालं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, पण तिथे हाच मेसेज दाखवावा लागेल.

झोपाळा आखाजीनंतर आठ दिवसांनी लागला, बहीण तोवर सासरी गेलेली. उरलेल्या लाकडाचा मिस्त्री आईला पोळपाट करून देतो म्हणाला, तर आईने आधी विचारलं, "कितीचा?"